कंडक्टिंग पॉलिमरच्या फिल्मवर प्रोजेक्ट केला, त्याची ही सगळी हकिगत

थीसिस मे महिन्यात जमा झाला, व्हायवा जूनमध्ये उरकली, आता डोकं जरा मोकळं झालंय म्हणून लिहायला बसलेय. मास्टर्सचा प्रोजेक्ट कंडक्टिंग पॉलिमरवर, म्हणजे वीज वाहू शकणाऱ्या, लांब साखळ्यांच्या प्लास्टिकसारख्या पदार्थावर. काम होतं, त्यातल्या पॉलिअ‍ॅनिलिनच्या पातळ फिल्म बनवायच्या, त्यांची रचना कशी आहे ते बघायचं, आणि अ‍ॅसिड-अल्कलीत बुडवलं किंवा व्होल्टेज दिलं की त्या काय करतात ते बघायचं. सुरू केलं तेव्हा पेपर वाचून काहीच अंदाज येईना, कारण पेपरात सगळं एका ओळीत असतं, 'फिल्म धुतली, वाळवली आणि मोजली'. आता कशाने धुतली, किती वेळ वाळवली, मोजेपर्यंत कुठे ठेवली होती, हे कोणी सांगत नाही, आणि या मटेरियलचं अर्धं उत्तर नेमकं तिथेच असतं. ज्यांना आत्ता हा विषय मिळालाय आणि पोटात गोळा आलाय त्यांच्यासाठी, घडलं तसं लिहितेय.

विषय अगदीच नवीन असेल तर थोडक्यात. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या फिल्मला आयोडीनची वाफ दिली आणि तिची वाहकता लाखो पटींनी वाढली, त्यावर तिघांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण पॉलिअ‍ॅसिटिलीन हवेत टिकत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या वाट्याला सहसा पॉलिअ‍ॅनिलिन, पॉलिपायरोल नाहीतर पेडॉट येतं. पॉलिअ‍ॅनिलिन तर फारच जुनं, १८६२ मध्ये हेन्री लेथबींनी अ‍ॅनिलिनच्या आम्लयुक्त द्रावणातून वीज सोडून इलेक्ट्रोडवर गडद थर मिळवला होता, फक्त हा थर वीज वाहू शकतो याकडे लक्ष जायला खूप वर्षं गेली. त्याची मुख्य रूपं तीन. पूर्ण रिड्यूस झालेलं (म्हणजे इलेक्ट्रॉन घेतलेलं) ल्यूकोएमराल्डिन, जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळं. अर्धवट ऑक्सिडाइज झालेलं (म्हणजे काही इलेक्ट्रॉन गमावलेलं) एमराल्डिन. आणि पूर्ण ऑक्सिडाइज झालेलं पर्निग्रॅनिलिन, निळं-जांभळं. यातलं एमराल्डिनच आपल्या कामाचं, ते बेसच्या रूपात निळं आणि वीज न वाहणारं असतं, आणि अ‍ॅसिड लागलं की हिरवं होऊन वीज वाहायला लागतं. इथे डोपिंगसाठी, म्हणजे पॉलिमरला वीज वाहायला लावण्यासाठी, साखळीतले इलेक्ट्रॉन काढावे लागत नाहीत, नुसता प्रोटॉन चिकटला तरी भागतं. मला हाच विषय घ्यावासा वाटला त्याचं कारण साधं होतं, काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

जुलै आणि ऑगस्ट कागदांत गेले. अ‍ॅनिलिन विषारी, कातडीतून शरीरात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी करतं, त्यामुळे मागणीच्या फॉर्मसोबत सेफ्टी डेटा शीट, रिस्क असेसमेंट, आणि उरलेल्या केमिकलचं काय करणार याचं वेगळं पान लागतं. अमोनियम परसल्फेट ऑक्सिडायझर, त्याचा फॉर्म वेगळा, कारण ते सॉल्व्हंटच्या कपाटात ठेवता येत नाही. प्रत्येकावर गाईडची सही, मग विभागप्रमुखांची, मग सेफ्टीवाल्यांची. माझा एक फॉर्म परत आला कारण 'वेस्ट किती निघेल' हा रकाना रिकामा होता, आता प्रयोग केलाच नाही तर वेस्ट किती निघेल ते कसं कळणार! माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "अंदाजे लिही, पण जास्तीचंच लिही, कमी लिहिलंस तर पुन्हा फॉर्म भरावा लागेल." तोच नियम पुढे वर्षभर पाळला. आणि ज्या केमिकलला यायला सगळ्यात वेळ लागतो त्याचा फॉर्म सगळ्यात आधी टाका, बाकीची तयारी त्या वाट बघण्यात उरकते.

त्या वेळात काचा धुवायला शिकले. फिल्म वाढवायची होती आयटीओ काचेवर, म्हणजे एका बाजूला पारदर्शक पण वाहक ऑक्साइडचा थर असलेली काच. ती महाग येते आणि विभागाला मोजूनच मिळते, म्हणून छोटे तुकडे कापून वापरायचे. डिटर्जंट, डीआय पाणी (आयन काढून टाकलेलं शुद्ध पाणी), अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपेनॉल, प्रत्येकात सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) थोडा वेळ. थर कुठल्या बाजूला आहे हे डोळ्यांना कळत नाही, मल्टीमीटरने बघायचं आणि दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात डायमंड पेनने खूण करून टाकायची. अ‍ॅसिडमध्ये फार निगेटिव्ह व्होल्टेजला गेलात तर आयटीओच रिड्यूस होऊन काच काळपट पडते हेही आधीच माहीत असलेलं बरं.

अ‍ॅनिलिनची बाटली सप्टेंबरात आली, आत चहासारखा तपकिरी द्रव. घाबरू नका, हवेने आणि उजेडाने ते तसं होतंच. उकळबिंदू १८४ अंश, त्यामुळे व्हॅक्यूम लावून कमी तापमानाला डिस्टिल करायचं, थोडी झिंक डस्ट टाकली तर बरं. सुरुवातीचा थोडा भाग टाकून द्यायचा, मग पाण्यासारखं स्वच्छ यायला लागतं. ते गडद बाटलीत, वर नायट्रोजन भरून, फ्रिजमध्ये. बाटलीवर तारीख टाकाच, पिवळसर झाक आली की पुन्हा डिस्टिल. ग्लव्ह्ज, फ्यूम हूड, यात हयगय नको, आणि ग्लव्ह्जवर थेंब पडला तर पुसत बसू नका, ग्लव्ह्ज बदला.

मग खरी मजा. तीन इलेक्ट्रोडचा सेल, आयटीओ, समोर प्लॅटिनम, आणि सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात). एक मोलर सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये ०.१ मोलर अ‍ॅनिलिन, आणि व्होल्टेज −०.२ पासून ०.९ व्होल्टच्या आसपास, सेकंदाला ५० मिलिव्होल्ट, वर-खाली फिरवत राहायचं. पहिल्या फेऱ्यांत काहीच घडत नाही असं वाटतं, ग्राफ सपाट, फक्त वरच्या टोकाला करंट थोडा चढतो, तिथे अ‍ॅनिलिनचं ऑक्सिडेशन सुरू होत असतं. मग हळूहळू ०.२ व्होल्टजवळ एक पीक (ग्राफमधला उंचवटा) डोकं वर काढतं, ०.७ ते ०.८ च्या मध्ये दुसरं, आणि दर फेरीला दोन्ही मोठे होत जातात. काच हिरवी व्हायला लागते, आणि प्रत्येक फेरीत फिकट, हिरवी, निळी, परत हिरवी असं चालतं. मी त्या दिवशी खुर्ची ओढून नुसती बघत बसले होते.

इथली एक गोष्ट सीनियर दादाने सांगितली नसती तर मला कळलीच नसती. पहिल्या काही फेऱ्यांसाठी वरचं टोक उंच लागतं, कारण मोनोमर (म्हणजे सुटं अ‍ॅनिलिन) ऑक्सिडाइज व्हायला तेवढं व्होल्टेज हवं. पण एकदा थर धरला की त्याच्यावर पुढचं पॉलिमर कमी व्होल्टेजलाही वाढतं, तेव्हा वरचं टोक थोडं खाली आणायचं. नाही आणलं तर दोन पीकच्या मध्ये, ०.५ च्या आसपास, तिसरं पीक यायला लागतं. ते जास्त ऑक्सिडेशन होऊन साखळी तुटल्याचं, क्विनोनसारखे तुकडे तयार झाल्याचं लक्षण. पेपरातले ग्राफ बघताना मी आता आधी तिथेच बघते, बरेचदा असतं ते पीक, आणि खाली त्याच्याबद्दल एक अक्षर नसतं.

आता धुणं. अ‍ॅनिलिन चिकटलेलं राहू नये म्हणून फिल्म धुवायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण शुद्ध पाण्याने खूप वेळ धुतली तर वरच्या थरातलं अ‍ॅसिड निघून जातं, म्हणजे तुम्ही डोपिंग काढून टाकता आणि मग डोपिंग मोजायला जाता. मोनोमर नसलेल्या त्याच अ‍ॅसिडमध्ये धुवायची. त्यातही प्रश्न आहेच, वाळल्यावर पृष्ठभागावर जास्तीचं अ‍ॅसिड सुकून बसतं. म्हणजे शंभर टक्के बरोबर असं काही नाही, एक पद्धत ठरवायची, सगळ्या फिल्मना तीच वापरायची आणि वहीत लिहायची. वहीत मी प्रत्येक फिल्मला नंबर दिला आणि तिला काय काय लागलं ते तारीख-वेळेसकट लिहीत गेले, कुठलं अ‍ॅसिड, किती वेळ, शेवटचं व्होल्टेज कुठे थांबवलं, कुठल्या डब्यात ठेवली. शेवटचं व्होल्टेज तर लिहाच. ०.४ ला थांबून बाहेर काढलेली आणि ०.८ ला काढलेली फिल्म एकाच बॅचची असली तरी रासायनिकदृष्ट्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यूव्ही-व्हिज (फिल्म कुठला प्रकाश शोषते ते मोजणं) केलं, ते यंत्र आमच्याच लॅबमध्ये होतं म्हणून वाट बघायची कटकट नव्हती. ज्यांच्याकडे बाकी काही नाही त्यांनीही हे करावं, फार माहिती मिळते. हिरव्या फिल्मला ४३० नॅनोमीटरच्या आसपास एक पट्टा आणि ८०० च्या पुढे रुंद पोलरॉनचा (डोपिंगमुळे साखळीवर आलेल्या फिरत्या भाराचा) पट्टा. तीच ०.१ मोलर अमोनियाच्या पाण्यात बुडवली की बघता बघता निळी, ते दोन्ही पट्टे जातात आणि ६३० च्या आसपास नवीन पट्टा येतो. परत अ‍ॅसिडमध्ये टाकली की परत हिरवी. पण दोन हिरव्या ग्राफ एकावर एक ठेवून बघा, पोलरॉनचा पट्टा पहिल्यासारखा बसत नाही. का? अमोनियात बुडवताना आतले आयन बाहेर जातात, पाणी आत येतं, फिल्म फुगते, साखळ्या जरा वेगळ्या बसतात. रचना आणि रासायनिक वर्तन असे दोन वेगळे चॅप्टर करायचं मी ठरवलं होतं, तो बेत इथेच बारगळला.

बाहेरच्या यंत्रांचं बुकिंग डिसेंबरमध्ये सुरू केलं आणि तिथून पुढे सगळं वेळापत्रक यंत्रांनीच ठरवलं. एक्सपीएसची (एक्स-रे मारून पृष्ठभागावरचे अणू कुठल्या अवस्थेत आहेत ते सांगणाऱ्या यंत्राची) रांग महिन्यांची असते. फॉर्ममध्ये सॅम्पलचा आकार, विषारी आहे का, व्हॅक्यूममध्ये वाफ सोडेल का, काय शोधताय, असं सगळं. चार्जेस दर सॅम्पलमागे, आणि ते विभागाकडून मंजूर झाल्याचं पत्र जोडल्याशिवाय स्लॉट पक्का होत नाही. माझं एक पत्र जुन्या तारखेचं म्हणून नाकारलं गेलं आणि स्लॉट पुढे ढकलला गेला, तेव्हा खरंच रडू आलं होतं. पत्र बुकिंगच्या आठवड्यातच काढा. आणि 'काय शोधताय' या रकान्यात नुसतं 'कॉम्पोझिशन' लिहू नका, 'नायट्रोजन १एस आणि सल्फर २पी हाय रेझोल्यूशन' असं लिहा, नाहीतर ऑपरेटर एक सर्व्हे स्कॅन काढून फाइल हातात देतात, यात त्यांचा काही दोष नाही.

एक्सपीएसमध्ये नायट्रोजनचं पीक फोडून बघायचं असतं. इमीन (दुहेरी बंधातलं नायट्रोजन) साधारण ३९८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा वर, अमीन (एकेरी बंधातलं) ३९९.४ च्या आसपास, आणि ४०० च्या वर जे येतं ते धन भार असलेलं नायट्रोजन, म्हणजे डोप झालेलं. एमराल्डिन पूर्ण डोप झालं तर अर्धे नायट्रोजन तिथे दिसायला हवेत. माझे कमी आले. आधी वाटलं फिल्मच बिघडली, पण एक्सपीएस फक्त वरचे काही नॅनोमीटर बघतं आणि धुताना सगळ्यात जास्त अ‍ॅसिड तिथूनच जातं. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने डोप केलेल्या फिल्ममध्ये तर अजून एक गंमत, थोडं एचसीएल व्हॅक्यूममध्येच निघून जातं, आणि जे क्लोरीन उरतं त्यातलं काही रिंगला कायमचं जोडलेलं असतं, ते डोपिंगमध्ये धरायचं नाही. क्लोरीनचा एकूण आकडा घेऊन डोपिंगची टक्केवारी काढणारे बरेच जण दिसतील, तसं करू नका.

एक्सआरडीबद्दल (एक्स-रेने अणूंची मांडणी बघणं) फार लिहिण्यासारखं नाही. साध्या मोडमध्ये एक मोठा फुगवटा आला, तो काचेचा. रिकाम्या काचेचा स्कॅन सोबत काढून घ्या, फुकट असल्यासारखंच आहे. ग्रेझिंग इन्सिडन्सला (एक्स-रे अगदी तिरपे सोडून) २० आणि २५ अंशांजवळ रुंद पीक दिसले, बस. पॉलिअ‍ॅनिलिन थोडंसंच क्रिस्टलाइन असतं, सुयांसारखे टोकदार पीक बघायचे असतील तर विषय बदला. सेममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) फिल्म फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दिसली, सगळ्यांची दिसते. एफटीआयआर (इन्फ्रारेड शोषण मोजणं) मात्र काचेवर करायला जाऊ नका, काच इन्फ्रारेड गिळून टाकते. एटीआर (फिल्मचा पृष्ठभाग टेकवून मोजायची जोडणी) असेल तर तिथे, नाहीतर फिल्म खरवडून. १५८० जवळचा क्विनॉइड (ऑक्सिडाइज झालेल्या रिंगचा) आणि १४९० जवळचा बेन्झेनॉइड (रिड्यूस झालेल्या रिंगचा) पट्टा, त्यांचं आपसातलं प्रमाण बघायचं. रामनला (विखुरलेला लेझरचा प्रकाश मोजणं) लेझरची पॉवर अगदी कमीपासून सुरू करा, जास्त झाली की फिल्म त्या ठिपक्यापुरती जळते आणि तुम्ही जळालेल्या पॉलिमरचा ग्राफ काढता.

फेब्रुवारीत वाहकता. इथे सगळ्यांना एकदा ठेच लागते, आयटीओवरच्या फिल्मवर फोर-पॉइंट प्रोब (चार टोकांनी वाहकता मोजणारं साधन) ठेवला तर करंट खालच्या आयटीओतून निघून जातो. हिशोब करून बघा, आयटीओचा शीट रेझिस्टन्स (पातळ थराचा रोध) दहा-पंधरा ओहम असतो, आणि १२५ नॅनोमीटरची पॉलिअ‍ॅनिलिनची फिल्म, वाहकता सेंटिमीटरला ४ सीमेन्स धरली तरी, वीस हजार ओहम भरते. प्रोब तुम्हाला आयटीओचाच आकडा सांगणार. म्हणून वाहकतेसाठी साध्या काचेवर केमिकल पद्धतीने वेगळी फिल्म करावी लागते. अ‍ॅनिलिन हायड्रोक्लोराइड आणि अमोनियम परसल्फेटची द्रावणं मिसळायची आणि काच त्यात उभी ठेवायची. सुरुवातीला काहीच होत नाही, मग द्रावण निळं पडतं, गरम होतं आणि हिरवा साका बसायला लागतो, त्याच वेळी काचेवरही थर चढतो. मग व्होल्टेज भागिले करंट, गुणिले ४.५३, गुणिले जाडी, आणि त्याचा व्यस्त. जाडी चुकली की सगळंच चुकलं, म्हणून फिल्मवर ब्लेडने बारीक ओरखडा काढून एएफएमने (पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या मायक्रोस्कोपने) पायरी मोजायची, आणि एका जागी नाही, बऱ्याच जागी.

माझे आकडे एका बॅचपासून दुसऱ्या बॅचला इतके हलत होते की रात्री झोप लागेना. मग मॅडमनी आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा २००२ चा पॉलिअ‍ॅनिलिनवरचा तांत्रिक अहवाल वाचायला दिला. वेगवेगळ्या देशांतल्या पाच संस्थांमध्ये आठ जणांनी एकच कृती वापरून पॉलिअ‍ॅनिलिन बनवलं आणि सरासरी वाहकता आली सेंटिमीटरला ४.४ सीमेन्स, अधिक-उणे १.७. म्हणजे कसलेल्या हातांकडूनही एवढा फरक पडतो. तो वाचून जीव भांड्यात पडला. हवेतल्या दमटपणानेही वाहकता हलते, पाणी काढून घेतलं की कमी होते, त्यामुळे रीडिंगशेजारी तापमान आणि ह्युमिडिटी लिहायला लागले आणि मग बराचसा गोंधळ आपोआप सुटला.

मार्चमध्ये शेजारच्या ग्रुपचा क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्स वापरायला मिळाला, आणि सगळ्या प्रोजेक्टमधलं मला सगळ्यात आवडलेलं काम ते. सोन्याचा थर असलेल्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर फिल्म वाढवायची आणि व्होल्टेज फिरवताना तिचं वजन बघत राहायचं. ५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला एक हर्ट्झचा फरक म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १७.७ नॅनोग्रॅम, झाउअरब्राय यांनी १९५९ मध्ये दिलेलं समीकरण. ०.२ व्होल्टचं पीक ओलांडताना वजन वाढतं, कारण साखळीवर धन भार आला की तो सांभाळायला द्रावणातले ऋण आयन आत शिरतात. दुसरं पीक ओलांडताना वजन उतरतं, प्रोटॉन जातात आणि त्यांच्यासोबत आलेले आयनही बाहेर पडतात. आत्तापर्यंत हिरवं-निळं असं नुसतं बघितलेलं, त्याच्या मागे आयनांची ये-जा आहे हे आकड्यांत दिसलं. फक्त फिल्म पातळ ठेवा, जाड फिल्म पाण्याने फुगून मऊ होते आणि ते समीकरण कडक थरासाठीच आहे. आणि क्लोराइडच्या द्रावणात वरचं व्होल्टेज जास्त नेऊ नका, सोनंच विरघळायला लागतं, मग वजन कमी झालं ते फिल्मचं की सोन्याचं कळत नाही.

एप्रिल लिहिण्यात गेला. चॅप्टर मी शेवटी यंत्रांप्रमाणे न पाडता फिल्मच्या अवस्थांप्रमाणे पाडले, आधी वाढलेली हिरवी, मग अमोनियाने निळी केलेली, मग परत डोप केलेली, आणि प्रत्येकीत सगळी मापं एकत्र. मापांचा क्रमही तसाच ठेवावा लागतो, आधी जे फिल्मला हात लावत नाही ते, म्हणजे यूव्ही-व्हिज, मग रामन, मग एक्सपीएस, कारण व्हॅक्यूममधून आलेली फिल्म पहिल्यासारखी राहत नाही, आणि ओरखडा-खरवडणं सगळ्यात शेवटी.

व्हायवात पहिलाच प्रश्न आला की आयटीओवरच्या आणि साध्या काचेवरच्या फिल्म एकच आहेत असं कशावरून म्हणता. नाहीत, असंच उत्तर दिलं, आणि दोन्हींचे यूव्ही-व्हिज आणि एफटीआयआर शेजारी-शेजारी ठेवलेलं पान दाखवलं. ते पान तुमच्याही थीसिसमध्ये असू द्या. नो-ड्यूजच्या फॉर्मवर सेफ्टीवाल्यांची सही लागते आणि ती वेस्टच्या बाटल्या लेबल लावून जमा केल्याशिवाय मिळत नाही, अ‍ॅनिलिनचं वेस्ट आणि परसल्फेटचं वेस्ट एका बाटलीत चालत नाही. यंत्रांच्या मूळ फाइल्स, नुसते ग्राफचे फोटो नाही, लॅबच्या ड्राइव्हवर टाकूनच बाहेर पडा, पेपर लिहायची वेळ आली की मॅडम त्याच मागतात, माझ्याकडे कालच मागितल्या.